खिडकीखालची सवत

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा सोलली! सकाळी झाडताना खिडकीखाली बशीएवढे पोपडे सापडले. वर बघते तर अख्खा पट्टा भिंत सोडून पुढे आलेला. बोट लावलं तर आतून नुसतं पीठ. ह्यांनी स्वतःच्या हातांनी रंगवलेली भिंत. मार्चमध्ये जहाजावर जायच्या आदल्या दिवशी दुसरा हात मारला होता, आणि पाच महिने काही टिकली नाही. बाहेर माणूस जहाजंच्या जहाजं रंगवतो, खाऱ्या वाऱ्यात त्याचा रंग टिकतो, आणि घरी हे असं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सासूबाई म्हणाल्या, "तुझा केरसुणीचा हात फार जड आहे." घ्या! म्हणजे तेही माझ्याच माथी.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदरात लागलंय म्हणून आवाज स्वच्छ होता. कंपनी विचारतेय, नोव्हेंबरात घरी जायच्याऐवजी तिथूनच दुसऱ्या जहाजावर चढाल का. म्हणजे आणखी नऊ महिने. ऑक्टोबरात उत्तर द्यायचंय.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला पटेल तसं करा," मी म्हणाले.

अशी उत्तरं देणाऱ्या बाईचं तोंड शिवून टाकलं पाहिजे. शिवणकाम तर मला येतंच. मला काय वाटतं? मला वाटतं उद्या या. आत्ता या. पण ते तोंडातून निघत नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, आजवर एकदाही मी त्यांना "या" म्हटलेलं नाही. जाताना "सांभाळून राहा" आणि आल्यावर "हातपाय धुऊन घ्या", एवढाच आमचा संसार दारात.

मग काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की भिंत पुन्हा सोलली. तर माणूस हसला! मघापर्यंत दमल्यासारखा बोलत होता, तो एकदम तरतरीत झाला. "हात लावू नकोस हं. मी आलो की बघतो." भिंत सोलली यात आनंद होण्यासारखं काय आहे देव जाणे.

फोनवर जे सुचत नाही ते इथे लिहायचं ठरवलंय. निदान पोटात तरी राहणार नाही.

५ ऑगस्ट

आज सासूबाईंना म्हटलं, ही भिंत नाही, माझी सवत आहे. त्या इतक्या हसल्या की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

पण खोटं काय त्यात? सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा सोलली, रजेच्या अगदी शेवटच्या आठवड्यात. ह्यांनी कंपनीला कळवलं, घराचं काम निघालंय, पंधरा दिवस उशिरा येतो. ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. ते लोखंडी पत्रीने खरवडायचे, मी खाली जुनी चादर धरून उभी. दोघांच्या भुवया पांढऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हातारपणी दोघं अशी दिसाल बघा." आम्ही आरशात बघून आलो.

तेव्हापासून दर रजेला हेच. बॅग ठेवली की आधी खिडकीपाशी जातात, टकटक करून बघतात आणि म्हणतात, "अरे, हिचं काहीतरी करायला हवं." झालं, गेली माझी रजा. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा आणि मी त्याच्या पाठीशी गप्पा मारतेय.

आणि संध्याकाळी बसणार कुठे, तर तिलाच टेकून. पाय लांब करून, चहाचा कप पोटावर ठेवून. उठले की शर्टाला मागे सगळं पांढरं. मी ओरडते, "अहो, टेकू नका म्हटलं ना!" आणि पाठ झटकते. झटकायला जरा वेळ लागतो.

पांढरं लागतं याचा अर्थ त्यांनीच मला सांगितलाय. भिंतीने पीठ धरलं की वरचा रंग भिंतीला चिकटत नाही, पिठाला चिकटतो, आणि पीठ काही त्याला धरून ठेवत नाही. म्हणाले होते, "रंग आपणहून कधी सुटत नाही. एकतर खाली धरायला काही नसतं, नाहीतर मागून कुणीतरी ढकलत असतं." जहाजावर म्हणे आधी लोखंड उघडं पडेपर्यंत खरवडतात, मग गोड्या पाण्याने धुतात. मिठाचा कण खाली राहिला तरी तो ओल ओढतो आणि रंग फुगतो. एवढं सगळं येतं माणसाला.

११ ऑगस्ट

ठरलं. नोव्हेंबरात ते यायच्या आत ही सवत मीच मार्गी लावणार. त्यांना सांगायचं नाही. येतील, खिडकीपाशी जातील, टकटक करतील, आणि करायला काही नसेल. मग बसतील माझ्याशेजारी. ती पूर्ण रजा माझी.

येतील तर. "तुम्हाला पटेल तसं" म्हणून बसलेय ना मी!

रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार बोलघेवडा, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी म्हटलं भिंत सोलते, तर लगेच डबा पुढे. "वॉटरप्रूफ आहे, वहिनी. पाण्याची काय बिशाद आत यायची!" मी विचारलं, आधी खरवडायचं का? "वरवर हात फिरवा, निघेल ते निघेल. रंगच इतका दणकट आहे की खालचं काही बघायचं कारण नाही." बायकोच्या मनाशीही हा असाच वागत असेल, खालचं काही बघायचं कारण नाही.

१४ ऑगस्ट

दोन हात मारले. काय चकाकतेय! माझी मान आखडलीय पण मन खूश आहे. एवढ्याशा कामाला ह्यांना दर वेळी आठ-दहा दिवस लागतात? पुरुषांना कामाचा बाऊ करायची सवयच असते.

२३ ऑगस्ट

फुगे आले. लहान नाहीत, चांगले लिंबाएवढे. सासूबाईंनी कौतुकाने एक दाबला, तर फुटून पाण्याची धार त्यांच्या बोटांवर. "अगं, हिला तर पाझर फुटला!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. दुकानदाराकडे गेले तर म्हणतो, "वहिनी, मुळात भिंतच ओली असेल." नाचता येईना अंगण वाकडं! त्याचा रंग बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, हे त्याने छाती ठोकून सांगितलं. आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, हे तेवढं गिळलं. ओल्या अंगावर रेनकोट चढवला मी भिंतीच्या.

मागून कुणीतरी ढकलतं, हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं ते दुकानदाराचं.

२४ ऑगस्ट

ह्यांचा फोन येऊन गेला आणि मी मशिनवर बसले होते, ऐकूच आला नाही. उलटा लावला तर लागेना. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

३० ऑगस्ट

तीन दिवस खरवडतेय. नाकाला फडकं, डोक्याला फडकं. गिऱ्हाईक आलं तर घाबरून मागे सरलं.

पोपड्याच्या कडेला थर दिसतात. वर माझा दीडशहाणा चकचकीत, त्याखाली ह्यांचा पांढरा, मग निळसर, मग पिस्ता, मग पिवळा. एकेका रजेचा एकेक थर. पिवळा आम्ही बाळाची चाहूल लागली म्हणून आणला होता. बाळ राहिलं नाही. मी दवाखान्यातून आले तेव्हा ह्यांनी काही न बोलता त्याच रंगाने भिंत रंगवली, आणि मी पलंगावर पडून बघत होते. त्या थरापाशी आल्यावर पत्री बाजूला ठेवून चहा केला. मग तोही काढला.

प्लॅस्टर उघडं पडल्यावर त्यांनीच एकदा शिकवलेली युक्ती केली. प्लॅस्टिकचा तुकडा घेतला, चारी बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर घट्ट चिकटवला आणि एक दिवस तसाच ठेवला. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर ओल खोलीतल्या हवेची. आतल्या बाजूला आले तर भिंतीतली. आज काढला, आतून नुसता घामाने भिजल्यासारखा.

पण पाणी येतं कुठून? पलीकडे ना न्हाणीघर, ना नळ.

२ सप्टेंबर

सापडलं! हे लिहितेय तेही रागाने.

दुपारी पाऊस चांगला कोसळला. थांबल्यावर मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. सासूबाईंनी मागून माझे कपडे घट्ट धरून ठेवले आणि "पडशील गं, पडशील गं" असा जप लावला. बाहेर खिडकीचा जो कट्टा आहे, त्याला उतार बाहेरच्या बाजूला हवा की नको? तो आहे आत, घराकडे! पाणी वाटीत साठावं तसं साठलेलं. आणि कोपऱ्यात, चौकट आणि भिंतीच्या मधे, एक फट. वरून रंगवलेली, म्हणून एरवी दिसत नाही. कात्रीचं टोक घातलं तर मऊ लागलं. ओढलं तर चिंधी निघाली, पाणी पिऊन टच्च फुगलेली.

पिळली. निळ्या चौकड्या. अहो, ही तर शर्टाची बाही! मी शिवलेला शर्ट, कफाला माझीच दुहेरी शिलाई. तो शर्ट जहाजावर हरवला असं मला सांगितलं होतं, आणि मी बिचारी त्या जहाजावरच्या चोराला शिव्या घालत होते.

म्हणजे ही फट ह्यांना दिसली होती. दिसली, तर चिंधी कोंबून वरून रंग? जहाजावर असं काम केलं असतं तर कप्तानाने उचलून समुद्रात टाकलं असतं. कामचुकारपणा तो केवढा! आणि शर्टही माझाच सापडला! येऊ देत एकदा, असं सुनावणार आहे ना!

सासूबाईंनी ती बाही हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली. "माझा मुलगा इतका वेंधळा नाही गं," म्हणाल्या.

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत," म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

बाही धुऊन वाळत घातली.

५ सप्टेंबर

गवंडीकाका येऊन गेले. कट्टा फोडून नव्याने केला, उतार बाहेर दिला, खालच्या कडेला बारीक खाच पाडली म्हणजे पाणी भिंतीवर ओघळायच्याऐवजी तिथूनच थेंब थेंब खाली पडेल. फट बुजवली. आतलं भुसभुशीत प्लॅस्टर पाडून नवं केलं. सकाळी आले आणि जेवायच्या वेळेला हात धुऊन मोकळे.

"एवढ्यासाठी सहा वर्षं थांबलात?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार, नवरा रंगारी आहे म्हणून? लाज वाटली.

जाताना बजावून गेले, "आता ह्याच्यावर लगेच रंग चढवू नका. पूर्ण सुकू द्या. मनासारखं सुकलं की भिंतच सांगते. घाई केलीत तर माझं नाव घ्यायचं नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

ह्यांचा फोन. मी कशी आहे हे नंतर, आधी सवतीची विचारपूस.

"भिंत काय म्हणते?"

"आहे तशीच," मी म्हटलं. खोटं बोलताना मला हसू येतं, म्हणून तोंडावर हात धरला.

"किती सोललीय?"

"बरीच."

"बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"नाही, म्हणजे... नोव्हेंबरात यावंच लागेल मग. कंपनीला तसं सांगतो, घराचं काम आहे म्हणून."

येतायत! फोन ठेवल्यावर मी सासूबाईंना धरून गोल फिरवलं. त्या म्हणाल्या, "सोड गं, गुडघा!" पण त्यांनाही आनंद झाला होता, कारण नंतर बराच वेळ उगाचच डबे पुसत होत्या.

२१ सप्टेंबर

भिंत सुकतेय. खिडकी उघडी, पंखा चालू. रोज सकाळी तळहात ठेवून बघते. थंड लागते, म्हणजे अजून आत पाणी आहे. कालच्यापेक्षा आज कमी थंड. गडद डाग कडेकडेने आत सरकतोय.

मला वाट बघायची सवय आहे असं सगळे म्हणतात. सवय कसली! पलंगावर त्यांच्या बाजूला मी कापडाचे गठ्ठे ठेवते, जागा रिकामी दिसू नये म्हणून. ते यायच्या आदल्या दिवशी उचलते. दर वेळी पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना पाहुण्यासारखे. "तुम्ही आधी अंघोळ करा." "नाही, तू आधी कर." मग भिंतीचं काम निघतं आणि त्या नादात हळूहळू बोलायला लागतो. पत्री दे, फडकं दे, जरा शिडी धर. आणि बोलणं सुरळीत होतं न होतं तोच बॅग भरायची वेळ येते.

आज बाहेर कुणीतरी ह्यांच्यासारखंच खाकरलं. मी सुई तशीच धरून उठले. समोरच्या घरी आलेले कुणी होते.

३ ऑक्टोबर

प्लॅस्टिक पुन्हा लावून बघितलं. कोरडं ठणठणीत! एकही थेंब नाही. भिंतीचा रंगही सगळीकडे एकसारखा झालाय. काकांनी सांगितलं तसं भिंतीनेच सांगितलं.

आज धूळ झाडून, पुसून प्रायमर मारला. दुकानदार म्हणत होता, प्रायमर कशाला, उगाच वेळ जातो. मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका, नुसता डबा द्या." पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

झाली!

पुट्टी पातळ पातळ दोनदा, मधे सुकू दिली, कागदाने घासली, घासून पडलेली धूळ ओल्या फडक्याने टिपली, पुन्हा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. रंगात पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. मागे मी पुरवून वापरायला जास्त घातलं होतं, तेही एक पापच. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही.

रंग पिवळा आणला, फिकट. दुकानदाराने विचारलं, कुणाच्या खोलीला? म्हटलं, माझ्या.

चिकटपट्टी लावून फरकन ओढून बघितली. काही म्हणता काही आलं नाही. सासूबाई काळं पोलकं घालून भिंतीला पाठ घासून आल्या आणि माझ्याकडे वळल्या. पाठ स्वच्छ.

आता नुसतं नोव्हेंबर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गप्प बसायला हवं होतं. मला सांगायलाच नको होतं. पण फोन आला, त्यांनी विचारलं "भिंत काय म्हणते", आणि माझ्याने राहवेना. आनंद माझ्या पोटात राहत नाही, दुःख राहतं.

"भिंत झाली!" मी म्हटलं. "मी केली. अगदी पक्की. आता पंधरा वर्षं बघायला नको."

मला वाटलं फोन तुटला.

"अहो?"

"हं. कशी केलीस?"

मग मी सगळं सांगितलं, कट्ट्याचा उतार, फट, गवंडीकाका, आणि ती बाहीसुद्धा. "तुम्हाला साधं कळलं नाही का पाणी कुठून येतंय ते?"

"कळलं होतं," ते म्हणाले.

कळलं होतं म्हणे! मी इतकी चिडले की पुढचं धड ऐकलंच नाही. मीच बोलत राहिले, शर्टाबद्दल. थांबले तेव्हा ते म्हणत होते, "छान केलंस. आता तिकडे काही अडलेलं नाही म्हणायचं."

"नाहीच मुळी."

"मग मी इथूनच दुसऱ्या जहाजाचं हो म्हणून टाकतो. सोमवारी सही आहे. उगाच कशाला..."

आणि मी काय म्हणाले? "बरं" म्हणाले. एवढं सगळं बोलणारी बाई मी, आणि त्या जागी आलं काय तोंडात, तर बरं.

१६ ऑक्टोबर

कशात लक्ष नाही. दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवत बसले.

इतकी मेहनत केली ती कशासाठी? ते यावेत, मोकळे असावेत म्हणून. आणि ते म्हणतात काही अडलेलं नाही. मी अडलेय ना! मला धरलंच नाही हिशेबात.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. बटणं निवडत निवडत म्हणाल्या, "ह्याचे वडील दर रविवारी सायकल उघडायचे. चांगली चालणारी सायकल. सकाळपासून दारात चाकं, साखळी, तेल, पसारा नुसता. मी तिथेच भाजी निवडत बसायची. एरवी आठवडाभर तोंडातून शब्द नाही, पण सायकल उघडली की बोलायचे. एकदा मला शहाणपण सुचलं. त्रास नको म्हणून दुकानात देऊन सगळी ठाकठीक करून आणली."

"मग?"

"मग काय, पुढच्या रविवारी सायकलवर बसून गेले कुठेतरी. घरात नुसतं बसून राहायची त्यांना लाज वाटायची गं. बायकोसाठी घरी थांबलो असं कुणी म्हटलं तर? हा त्यांचाच मुलगा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हवा सोडली," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी. गुपचूप."

माझ्या हातातून बटण निसटून मशिनखाली गेलं. ते शोधायला म्हणून मी खाली वाकले आणि तिथेच रडून घेतलं.

१७ ऑक्टोबर

पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीसमोर उभी राहिले. कोपऱ्यात चौकटीपाशी थोडं थोडं रोज ओतलं तर महिन्यात पोपडा धरेल. काही वाईट नाही, सासूबाईंनीही केलंय.

पण ओतवेना. एवढी सुकवलेली भिंत. आणि पुढच्या रजेला पुन्हा ओतायचं? त्यांनी चिंध्या कोंबायच्या आणि मी पाणी ओतायचं, असं किती वर्षं?

पाणी पिऊन टाकलं.

१८ ऑक्टोबर

सकाळपासून फोन लावतेय. जहाज समुद्रात आहे, लागत नाही. निरोप पाठवला, "सही करायच्या आधी फोन करा". गेलाच नाही अजून. सासूबाई दर थोड्या वेळाने विचारतात, "गेला का?" जसा काही मी दाबून धरलाय.

परवा सोमवार.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी फोन आला. जहाज बंदरात लागताच निरोप पोचला म्हणे. धावत आल्यासारखा आवाज.

"काय झालं? भिंतीला काही झालंय का?"

आशेने विचारलं त्यांनी. मला ऐकताना नुसती घाई वाटली, आत्ता लिहिताना कळतंय ती आशा होती.

माझी सगळी तयारी होती. "हो, पुन्हा सोलली" एवढंच म्हणायचं होतं, ते लगेच आले असते. सासूबाई समोर उभ्या राहून मान हलवून खुणावत होत्या, म्हण, म्हण.

"भिंतीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "खणखणीत आहे. काही होणारही नाही तिला."

"अस्सं. बरं झालं."

"तरी या."

मागे बंदरावरचे भोंगे ऐकू येत होते. मला वाटलं आता माझा धीर सुटणार, म्हणून भिंतीवर हात ठेवला आणि पुन्हा म्हटलं, "या म्हटलं मी. सही करू नका. घरी या. मला तुमच्याशिवाय करमत नाही, सतरा वर्षं करमलेलं नाही."

सासूबाई तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"अगं," ते म्हणाले, "पण मी येऊन करू काय? घरात काही कामच नाही."

"काही करू नका. भिंतीला टेकून बसा. आता पाठीला पांढरं लागत नाही."

त्यांनी घसा खाकरला. मी ओळखते ते खाकरणं, ते समोरच्या घरी आलेल्या पाहुण्यांचं नव्हे.

"मग तू झटकणार काय?" ते म्हणाले.

"नुसतीच झटकेन."